आठवडी बाजार (बेळगाव सीमाभाग)

ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी भरणारा खुला बाजार. बेळगावचा वार शनिवार, खानापूरचा रविवार. शेजारच्या गावांचे वार सहसा एकमेकांवर येत नाहीत. म्हणून कापड, भांडी, मिरची-मसाला विकणारे फिरते व्यापारी आठवडाभर गावोगावचे बाजार धरतात. एका खेड्याच्या गिऱ्हाइकीवर त्यांचे पोट भरणे कठीण.

1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात, कोल्हापूरकडे राहिला. बाजाराची वाट मात्र तीच राहिली. चंदगडकडची माणसे अजून खरेदीला बेळगाव गाठतात, आणि बेळगावची भाजी चोर्ला घाटातून गोव्याला उतरते.

आसपासच्या खेड्यांतल्या बायका मेथी-कोथिंबिरीच्या पेंढ्या बांधून बुट्टी (टोपली) घेऊन सकाळीच जागा धरतात. भवानीचे, म्हणजे दिवसाच्या पहिल्या विक्रीचे, गिऱ्हाईक शक्यतो परत पाठवायचे नाही, मग दोन रुपये कमी आले तरी चालते. गिऱ्हाईक बघून दर मराठीत किंवा कन्नडात सांगितला जातो. पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात हा वाद बुट्टीपर्यंत फारसा पोचत नाही. दिवस कलला की तराजू बाजूला पडतो आणि उरलेल्या टोमॅटो-वांग्यांचे वाटे लागतात. मजूर कुटुंबांचा बाजार बराचसा याच वेळी होतो, कारण दिवसाची मजुरी तेव्हाच हातात पडते.

बाजार टिकतो तो वार, एसटीचा थांबा आणि शेजारच्या विक्रेत्याची सोबत यांवर. गावाबाहेर पक्के कट्टे बांधून विक्रेत्यांना तिकडे हलवले की बरेचदा कट्टे ओस पडतात आणि बुट्ट्या पुन्हा रस्त्याकडेला येतात. पायी येणारे गिऱ्हाईक वाट सोडून आत जात नाही. सावली, पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह यांवर खर्च केला तर तो कट्ट्यांपेक्षा जास्त कामी येतो.

पथविक्रेत्यांसाठीच्या 2014 च्या केंद्रीय कायद्याने शहरांतील विक्रेता समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या असून त्यांतील एक तृतीयांश स्त्रियांच्या आहेत. 50 वर्षांहून जुना बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा, तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असेही त्यात म्हटले आहे. खेड्यांत कारभार ग्रामपंचायतीकडे असतो. बाजारपट्टी वसुलीचा लिलाव होतो तिथे ठेकेदार दर बाजारी पावत्या फाडतो. पावसाळ्यातल्या चिखलावर मुरूम टाकणे त्याच्या ठेक्यात सहसा नसते.