विषारी विद्रावके आणि यकृतातील मेदचयापचय

ग्रीस, रंग किंवा राळ विरघळवणाऱ्या काही सेंद्रिय द्रवांच्या, म्हणजे विद्रावकांच्या, विषबाधेने यकृतपेशींत मेद साचतो. निरोगी यकृतात वजनाच्या सुमारे ५ टक्क्यांपर्यंत मेद असतो. त्याहून अधिक साठल्यास त्याला ‘फॅटी लिव्हर’ म्हणतात.

यकृत रक्तातून मेदाम्ले घेते, त्यांतील काही जाळते आणि उरलेल्यांची ट्रायग्लिसराइडे (मेदाचे साठवणीचे रूप) करून, प्रथिनांच्या वेष्टनात बांधून, पुन्हा रक्तात पाठवते. विद्रावकांचा घाव बहुधा या पाठवणीवर पडतो. कार्बन टेट्राक्लोराइडचे उदाहरण सर्वांत अधिक अभ्यासलेले आहे. हे द्रव्य मुळात फारसे क्रियाशील नाही. परंतु यकृतातील सायटोक्रोम पी-४५० गटातील २ई१ हे एंझाइम त्याचे ट्रायक्लोरोमिथिल या मुक्त मूलकात (अत्यंत क्रियाशील रेणुखंडात) रूपांतर करते, म्हणजे विषाची विल्हेवाट लावणारी यंत्रणाच येथे विष घडवते. या मूलकामुळे पेशीपटलांतील मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण होते, प्रथिननिर्मिती मंदावते आणि वेष्टनाअभावी ट्रायग्लिसराइडे आतच अडकतात. गुदामात पोती येत राहावीत आणि गाडी मात्र सुटू नये, तसा हा प्रकार आहे. हे एंझाइम यकृतखंडिकेच्या (यकृताच्या सूक्ष्म रचना-घटकाच्या) मध्यशिरेभोवती अधिक असल्याने पहिली इजा तेथे दिसते, आणि नियमित मद्यपानाने त्याचे प्रमाण वाढत असल्याने मद्यपी कामगाराला त्याच वाफा अधिक बाधतात.

भारतात कार्बन टेट्राक्लोराइडचा विद्रावक म्हणून वापर मॉन्ट्रियल करारानुसार २०१० पासून बंद झाला. ही बंदी ओझोन थर वाचवण्यासाठी होती, यकृतासाठी नव्हे. कृत्रिम चामड्याच्या उद्योगात वापरले जाणारे डायमिथिलफॉर्मामाइड त्वचेतूनही शरीरात शिरते व यकृतास इजा करते. त्याच्या संपर्कातील कामगाराने मद्य घेतल्यास चेहरा लाल होतो, ही त्याची ओळखीची खूण होय.

कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे ओतकामाचे व यंत्रभागांचे कारखाने आहेत. अशा उद्योगांत सुटे भाग ग्रीसमुक्त करणे आणि रंगकाम ही विद्रावकांशी संबंध येण्याची नेहमीची ठिकाणे असतात. कोणता थिनर किंवा क्लीनर वापरला जातो यावर धोका ठरतो, कारण सर्व विद्रावके यकृताला सारखी घातक नसतात. सोनोग्राफीत मेद दिसला की दारू, साखर आणि वजन यांची चौकशी होते. शॉपमध्ये हात कशाने धुता, हे विचारणेही तितकेच आवश्यक आहे, विशेषतः रुग्ण सडपातळ आणि निर्व्यसनी असेल तेव्हा. रक्तातील यकृत-एंझाइमे सामान्य असली, तरी विषजन्य मेदसंचयाची शक्यता संपत नाही. विषारी द्रव्यांमुळे होणाऱ्या काविळीचा समावेश कारखाना अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत सूचनीय रोग (अधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक असलेला रोग) म्हणून करण्यात आला होता. कावीळ न होता साचणारा मेद मात्र तिच्या कक्षेत येत नसे.