तांब्यावरचे ग्राफीन वेफरवर स्वच्छ कसे उतरवावे : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुम्हाला मिळालेली तांब्याची फॉइल २५ मायक्रॉन जाडीची आहे आणि ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) तिच्या दोन्ही बाजूंना वाढलेले आहे. चांगल्या बाजूवर कोपऱ्यात खूण केली आहे. मागच्या बाजूचे ग्राफीन ऑक्सिजन प्लाझ्माने (विद्युतभारित ऑक्सिजन वायूने) आधी काढा. ते राहिले, तर तांबे विरघळल्यावर त्याचे कपटे थराच्या खालून चिकटतात आणि मग कशानेही निघत नाहीत.

फॉइलच्या कडा टेपने पीईटी (प्लास्टिक) शीटवर चिकटवून मगच स्पिन-कोटरवर (गरगर फिरवून पातळ थर लावणाऱ्या यंत्रावर) ठेवा. नुसती फॉइल व्हॅक्यूमने दबते आणि तो खळगा थेट ग्राफीनमध्ये उमटतो. ग्राफीनला आधार म्हणून अॅनिसोल या द्रावकातले ४ टक्के पीएमएमए (अॅक्रिलिक प्लास्टिक) ३००० ते ४००० आरपीएमला लावा. थर साधारण २०० नॅनोमीटरचा बसतो.

तांबे काढायला अमोनियम परसल्फेट वापरा : एक लिटर डीआय (आयनमुक्त शुद्ध) पाण्यात २३ ग्रॅम, त्याच दिवशी बनवलेले. फेरिक क्लोराइड लवकर काम करते, पण लोहाचे कण मागे ठेवते. ट्रान्झिस्टरसाठी आम्ही ते सुचवत नाही. द्रावणात कंजूषी करू नका. १० बाय १० सेंटिमीटरच्या तुकड्यात सव्वादोन ग्रॅम तांबे असते. हिशेबानेच त्याला साडेतीनशे मिलिलिटर लागते, म्हणून अर्धा लिटर घ्या आणि रात्रभर राहू द्या. घाईसाठी द्रावण तीव्र केले, तर बुडबुडे थराखाली अडकून भोके पडतात.

तरंगणारा पीएमएमए-ग्राफीनचा थर स्वच्छ वेफरच्या (सिलिकॉनच्या चकतीच्या) तुकड्याने उचलून डीआय पाण्यात सोडा. पाणी निदान तीनदा बदला, दर वेळी दहा मिनिटे.

सर्वाधिक नुकसान होते ते वाळवताना. ज्या वेफरवर थर घ्यायचा, त्याला आधी प्लाझ्मा द्या, म्हणजे पाणी थेंब न धरता पसरते आणि खालून सरकून जाते. थर घेतल्यावर वेफर जवळजवळ उभा ठेवून रात्रभर निथळू द्या. सरळ १५० अंशांच्या हॉटप्लेटवर ठेवला, तर अडकलेले पाणी उकळून ग्राफीन फाडते. आधी ८० अंशांवर अर्धा तास, मग १५० अंशांवर १५ मिनिटे. पीएमएमए १०५ अंशांच्या आसपास मऊ पडते, म्हणूनच दुसरा टप्पा टाळू नका : सुरकुत्या तिथेच बसतात आणि ग्राफीन पृष्ठभागाला टेकते. जे टेकलेले नाही, ते अॅसिटोनमध्ये तडकते.

पीएमएमए काढायला वेफर अॅसिटोनमध्ये तासभर, ताजे अॅसिटोन घेऊन पुन्हा एकदा, मग लगेच आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). मधे वेफर वाळू देऊ नका, डाग राहतात.

पीएमएमएचा अंश थोडा राहतोच. ट्रान्झिस्टरसाठी आर्गॉन-हायड्रोजनमध्ये ३०० ते ३५० अंशांवर दोन तास तापवा. त्याहून जास्त तापवल्यास ग्राफीन वेफरवरच्या ऑक्साइडच्या थराला घट्ट चिकटते आणि मोबिलिटी (विद्युतभार वाहण्याची सुलभता) उतरते. पारदर्शक हीटरसाठी ही पायरी लागत नाही.

तपासणी रामनने (लेसर प्रकाशाच्या विखुरण्यावरून पदार्थ ओळखणाऱ्या पद्धतीने) करा. आलेखात २७०० प्रति सेंटिमीटरचे शिखर १५८० च्या शिखराच्या दुपटीच्या आसपास आणि १३५० चे जवळजवळ नाही, तर काम चांगले झाले. वापरलेले निळे द्रावण सिंकमध्ये ओतू नका. वेगळ्या कॅनमध्ये साठवा, आणि कॅनचे झाकण घट्ट लावू नका, आत वायू साठतो.