सी ड्राइव्ह लाल झाला की

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या छोट्या कारखान्याच्या ऑफिसात नाहीतर नौपाड्यातल्या सीएच्या कचेरीत असा एक कॉम्प्युटर असतोच, ज्याच्या सी ड्राइव्हची पट्टी कायम लाल असते. जागा कुणी खाल्ली हे शोधत गेलं की बऱ्याचदा एकच फाइल हाती लागते: आउटलुक या मेलच्या प्रोग्रामची पीएसटी, म्हणजे सगळे मेल साठवणारी फाइल. वर्षानुवर्षांची कोटेशनं, पर्चेस ऑर्डरी, जीएसटीची चलनं, प्रत्येक सहीखाली चिकटवलेला कंपनीचा लोगो, सगळं त्या एकाच फाइलच्या पोटात. मग कुणीतरी सुचवतं, "उचल आणि दुसऱ्या डिस्कवर टाक." सल्ला बरोबरच आहे, पण त्यातलं ‘उचल’ तेवढं फसवं आहे.

डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद एका तक्त्यात असते: नाव काय, फोल्डर कोणतं, मजकूर डिस्कवर कुठे कुठे पडलाय. त्याच ड्राइव्हवर फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात नेली की फक्त ही नोंद बदलते. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या बोर्डावर नावाची पाटी इकडची तिकडे करावी आणि घरातलं सामान जागचं हलूही नये, तसं. म्हणून 15 जीबीची फाइलसुद्धा क्षणात ‘हलते’. ड्राइव्ह बदलला की मात्र एकेक बाइट वाचून दुसरीकडे नव्याने लिहावा लागतो आणि सगळं झाल्यावर मूळ फाइल पुसली जाते. म्हणजे हलवणं असं काही होतच नाही; होते ती नक्कल, आणि मागोमाग पुसणं. मग हे पुसण्याचं काम मशीनवर कशाला सोडायचं? कट-पेस्टऐवजी कॉपी करावी आणि मूळ फाइलचं काय करायचं ते आपण नंतर ठरवावं.

पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे अर्धवट नक्कल ही काही कल्पनेतली भीती नाही. अशा वेळी मेल कुठल्या पद्धतीने साठवलेत याने मोठा फरक पडतो. थंडरबर्ड हा मेलचा दुसरा प्रोग्राम सहसा एमबॉक्स पद्धत वापरतो: साधी मजकुराची फाइल, पत्रं एकाखाली एक. तिचं शेपूट तुटलं तर शेवटची पत्रं जातात, आधीची वाचता येतात. पीएसटीचं तसं नाही. तिच्यात पत्रांचे तुकडे विखुरलेले असतात आणि कोणता तुकडा कुठे आहे याची अनुक्रमणिकाही त्याच फाइलमध्ये असते. ती अनुक्रमणिका बिघडली तर आतली पत्रं शाबूत असूनही फाइल उघडायला नकार देते. दुरुस्तीसाठी आउटलुकसोबत स्कॅनपीएसटी नावाचा प्रोग्राम येतो, पण त्याच्यावर विसंबून आधी निष्काळजीपणा करू नये.

कॉपी करण्याआधी फाइल थोडी बारीक करता येते. मेल डिलीट केला, ट्रॅशही रिकामा केला, तरी फाइलचा आकार तेवढाच राहतो, कारण ती जागा फाइलच्या आत नुसती ‘मोकळी’ म्हणून धरली जाते. प्रोग्राममधून फाइल ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावरच, म्हणजे आतली मोकळी जागा काढून टाकल्यावरच, ती डिस्कला परत मिळते. थंडरबर्डच्या फाइली फुगण्याला आणखी एक कारण आहे. ई-मेलची मूळ व्यवस्था 7 बिटांच्या साध्या इंग्रजी अक्षरांसाठी झाली. फोटो किंवा पीडीएफ त्यातून धाडायचा तर दर 3 बाइटांची 4 अक्षरं करावी लागतात. 9 एमबीची पीडीएफ अशी 12 एमबीच्या पुढे जाते आणि थंडरबर्ड ती त्याच रूपात साठवतो.

जुन्या पेन ड्राइव्हवर आणखी एक गंमत होते. 32 जीबी मोकळे असतात, फाइल 6 जीबीची, तरी विंडोज म्हणतं फाइल फार मोठी आहे. पेन ड्राइव्ह फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत फाइलचा आकार 32 बिटांच्या आकड्यात लिहितात. तो आकडा 4,29,49,67,295 बाइटांच्या पुढे जातच नाही. ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसने फॉरमॅट केला की प्रश्न मिटला, फक्त फॉरमॅटमध्ये त्यावरचं सगळं पुसलं जातं हे ध्यानात असू द्या.

कॉपीच्या वेळी आउटलुक पूर्ण बंद हवं. खिडकी बंद केली तरी ते कधी कधी मागे चालू राहतं, टास्क मॅनेजरमध्ये एकदा बघून घ्यावं. नक्कल तंतोतंत झाली का हे नुसत्या आकारावरून कळत नाही. विंडोजमधल्या सर्टयूटिल कमांडने दोन्ही फाइलींचा शा-256 ठसा काढावा. फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला हा ठसा 64 अक्षरांचा असतो; दोन्ही फाइलींचा सारखा आला तर नक्कल बरोबर. एक बिट जरी वेगळा असला तरी अख्खा ठसा बदलतो. नवी फाइल आउटलुकमध्ये उघडण्याआधीच हे करा, कारण उघडल्यावर आउटलुक स्वतःच तिच्यात लिहितं.

ओएसटी नावाची फाइल दिसली तर ती वाहून नेण्यात सहसा अर्थ नसतो. ती सर्व्हरवरच्या मेलची स्थानिक प्रत, पुन्हा तयार होते. तरी मेल खरंच सर्व्हरवर आहेत ना, हे आधी ब्राउझरमधून बघावं.

पीएसटी नेल्यावर आउटलुकच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये डेटा फाइलचा नवा पत्ता द्यावा लागतो. बाहेरून लावायची डिस्क असेल तर तिचं अक्षर डिस्क मॅनेजमेंटमधून पक्कं करून टाका. आज ई, उद्या एफ झालं की आउटलुकला फाइल सापडत नाही. जुनी फाइल लगेच उडवू नका, तिचं नाव तेवढं बदला. तरीही मेल उघडत असतील तर आउटलुक नव्या जागेवरूनच वाचतंय. नाही उघडले, तर पत्ता कुठेतरी चुकलाय.