आकडे हलले, पण मतदार किती हलला?

ऑक्टोबर २०२१. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात गव्हर्नरपदाची निवडणूक तोंडावर आली होती. (तिथला गव्हर्नर लोक थेट निवडून देतात, तेव्हा आपला राज्यपाल नव्हे, मुख्यमंत्री डोळ्यांसमोर आणावा.) डेमोक्रॅट पक्षाचे टेरी मकॉलिफ हे पद एकदा भूषवून बसलेले, तर रिपब्लिकन ग्लेन यंगकिन राजकारणात नवखे. महिन्याच्या मध्यावर फॉक्स न्यूज या वाहिनीच्या मतदानपूर्व जनमत पाहणीत मकॉलिफ ५१ टक्के, यंगकिन ४६. दोन आठवड्यांनी त्याच वाहिनीच्या पाहणीत यंगकिन ५३, मकॉलिफ ४५. पाचने पुढे असलेला गडी आठने मागे पडला! गंमत म्हणजे त्याच आठवड्यात वॉशिंग्टन पोस्ट हे वृत्तपत्र आणि जॉर्ज मेसन विद्यापीठाचं शार स्कूल यांची पाहणी मकॉलिफ ४९, यंगकिन ४८ असं सांगत होती.

२ नोव्हेंबरला मतदान झालं. यंगकिन दोन टक्क्यांनी जिंकले. जवळपास ३३ लाख मतांत फरक ६३ हजारांच्या घरातला.

पाहणीच्या बातमीत तळाशी बारीक अक्षरात ‘कमीअधिक ३ टक्के’ असं लिहिलेलं असतं. साधारण हजार लोकांना विचारलं की एवढी चूक निव्वळ योगायोगाने होऊ शकते. पण ही चूक एका उमेदवाराच्या आकड्यातली असते. एकाचा आकडा चुकून वर गेला की दुसऱ्याचा बहुधा तेवढाच खाली येतो, म्हणून दोघांमधल्या आघाडीवरची चूक जवळपास दुप्पट, ६ टक्के होते. दोन पाहण्यांतल्या आघाड्यांची तुलना केली तर दोन्हीकडची चूक एकत्र येऊन (सरळ बेरीज होत नाही, कारण दोन्ही चुका एकाच वेळी टोकाला जाणं विरळ) ती साडेआठच्या आसपास जाते. तेव्हा ‘अमुक उमेदवाराची तीन टक्क्यांनी मुसंडी’ हा मथळा गणिताच्या हिशेबाने बहुतेक वेळा पोकळच असतो.

व्हर्जिनियातला १३ टक्क्यांचा झोका मात्र साडेआठमध्ये बसत नाही. तो सगळा योगायोगाच्या नावावर खपवता येणार नाही. मग व्हर्जिनियाच्या जनतेने पंधरा दिवसांत विचार बदलला का? थोडाफार बदलला असेलही. शाळेत काय शिकवावं हे पालकांनी सांगू नये, असं मकॉलिफ सप्टेंबरच्या वादसभेत बोलून गेले होते आणि यंगकिन यांनी ते वाक्य जाहिरातींतून घरोघर पोहोचवलं होतं. पण त्याच फॉक्सच्या पाहणीत आणखी एक आकडा होता, ज्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. नोंदणी झालेल्या सगळ्या मतदारांत यंगकिन यांची आघाडी फक्त एका टक्क्याची होती. आठची आघाडी होती ती ‘मतदानाला जाण्याची शक्यता असलेल्या’ मतदारांतली.

खरी मेख इथे आहे. कोण मतदानाला जाणार हे कोणालाच आधी ठाऊक नसतं. म्हणून पाहणी करणारे विचारतात: मतदान करायचं नक्की आहे का? निवडणुकीत रस किती? मागच्या वेळी मत दिलं होतंत का? उत्तरांवरून चाळण लावली जाते आणि प्रत्येक संस्थेची चाळण वेगळी. एका बाजूचे लोक पेटून उठले आणि दुसऱ्या बाजूचे मरगळले, की कोणाचंही मत न बदलता आकडे पालटतात.

दुसरी चाळण तर लोक स्वतःच लावतात: फोन उचलायचा की नाही. प्यू या संशोधन संस्थेच्या टेलिफोन पाहण्यांना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक प्रतिसाद देत, २०१८ मध्ये अवघे ६ टक्के. भारत सामना हरला की दुसऱ्या दिवशी ऑफिसात क्रिकेटवेडा गप्प असतो, तसंच हेही. २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅट ओबामा पहिल्या वादसभेत फिके पडले आणि पाहण्यांत त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी रॉम्नी झपकन वर आले. संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन आणि सहकाऱ्यांनी एक्सबॉक्स या खेळयंत्रावरून त्याच त्या लोकांना पुन्हापुन्हा विचारून मिळवलेली माहिती तपासली. मतं बदलणारे थोडेच निघाले. बदललं होतं ते मुख्यतः उत्तर द्यायला कोण पुढे येतं हे. हिरमुसलेले डेमोक्रॅट प्रश्नांना टाळत होते.

याच गटातल्या काही संशोधकांनी पुढे १९९८ ते २०१४ मधल्या ६०८ राज्यस्तरीय लढतींच्या चार हजारांहून जास्त पाहण्या निकालांशी ताडून पाहिल्या. गव्हर्नरपदाच्या लढतीही त्यांत होत्या. प्रत्यक्ष चूक छापलेल्या चुकीच्या सुमारे दुप्पट निघाली. बारीक अक्षरातला तो ‘३’ फक्त योगायोग मोजतो. चाळणीतली गफलत त्यात धरलेलीच नसते.

त्यामुळे अनेक पाहण्यांची सरासरी काढावी, हा सल्ला अर्धाच उपयोगी. सरासरीने योगायोगाची चूक विरते, पण सगळ्यांची चाळण एकाच बाजूला फाटलेली असेल तर सरासरीही तिकडेच झुकते. व्हर्जिनियाच्या मतदानादिवशीच न्यू जर्सीतही गव्हर्नर निवडला गेला. तिथे मनमथ विद्यापीठाच्या शेवटच्या पाहणीत डेमोक्रॅट उमेदवार फिल मर्फी ११ टक्क्यांनी पुढे होते. ते जेमतेम तीन टक्क्यांनी तरले.

यावर सध्याचा एक उतारा असा: मागच्या निवडणुकीत कोणाला मत दिलं हे विचारायचं आणि त्या निकालाशी जुळेल असं वजन उत्तरांना द्यायचं, म्हणजे ज्या बाजूचे लोक कमी भेटले त्यांची उत्तरं जास्त मोजायची. याने झोके बरेच शांत होतात. अडचण एवढीच की जो जिंकला त्यालाच आपण मत दिलं होतं, असं सांगणारे काही जण नेहमी निघतात, आणि मग वजनच चुकतं.