बिल्ड यशस्वी, तरी मेथड का सापडत नाही?

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट अडले की एक सल्ला हमखास मिळतो: ‘डॉट-एमटू फोल्डर उडव, पुन्हा बिल्ड कर.’ डॉट-एमटू म्हणजे जावाचं बिल्ड-साधन मेव्हन उतरवलेल्या जार, म्हणजे लायब्ररींच्या बांधलेल्या फाइली, ठेवतो ते फोल्डर. जार अर्धवट उतरली असेल तर ठीक. एरवी हा नुसता उतारा टाकणं झालं. मेव्हन आवृत्ती निवडायच्या त्याच नियमाने तीच जार पुन्हा आणतो आणि मोबाइलचा डेटा तेवढा संपतो.

समजा, रावेर-यावलच्या केळीचे रोजचे भाव साठवायला हडूप ३.२.१ (मोठा डेटा अनेक संगणकांवर साठवणारी प्रणाली) आणि त्यावर हाइव्ह ३.१.२ (त्या डेटावर एसक्यूएल चालवणारं साधन) बसवलं. हाइव्हसोबत गूगलची जावा लायब्ररी ग्वावा, आवृत्ती १९ येते, हडूपसोबत २७. ग्वावा तुम्ही मागितलेली नसते, मागितलेल्याच्या पाठोपाठ ती येते. हीच ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सी. हाइव्ह सुरू करताच ‘नो सच मेथड एरर’ येतो: ग्वावाची चेकआर्ग्युमेंट ही मेथड सापडत नाही. जार उघडून पाहावी, तर चेकआर्ग्युमेंट आत आहेच!

खरी गंमत इथे आहे. जावाचा कंपायलर क्लास फाइलमध्ये मेथडचं नुसतं नाव लिहीत नाही. पॅरामीटरचे आणि परत येणाऱ्या मूल्याचे प्रकारही त्यासोबत पक्के करतो. ग्वावा १९ मध्ये ही मेथड बूलियन, मजकूर आणि ऑब्जेक्टचा अ‍ॅरे घेते. २० पासून एक सुटा ऑब्जेक्ट घेणारं रूपही आलं. सोर्समधली ओळ दोन्हीकडे अक्षरशः सारखीच, पण हडूप ग्वावा २७ वर कंपाइल झाल्यामुळे त्यात ‘सुटा ऑब्जेक्ट’ नोंदलं गेलं. चालताना क्लासपाथवर (जिथे जावा क्लास शोधतो त्या जागांच्या यादीत) आधी १९ सापडली की क्लासलोडर तीच घेतो, आणि जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारं यंत्र) अ‍ॅरेवालं रूप चालवून घेत नाही. हाइव्हच्या लिबमधली १९ काढून हडूपच्या ‘शेअर/हडूप/कॉमन/लिब’मधली २७ तिथे ठेवली की काम चालू होतं.

तुमच्या स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये मेव्हन डिपेंडन्सींच्या झाडात प्रोजेक्टला सर्वांत जवळची आवृत्ती निवडतो. अंतर सारखं असेल तर पॉममध्ये (मेव्हनच्या प्रोजेक्ट-फाइलमध्ये) आधी लिहिलेली. म्हणून जुनीही जिंकते. ग्रेडल हे दुसरं बिल्ड-साधन सहसा सर्वांत नवी घेतं. ‘एमव्हीएन डिपेंडन्सी:ट्री -डीव्हर्बोज’ चालवा, ‘ओमिटेड फॉर कॉन्फ्लिक्ट’च्या ओळी शोधा आणि पॉमच्या डिपेंडन्सी-मॅनेजमेंट भागात आवृत्ती ठरवून टाका.

मोठा आकडा लावला की सुटलो, असंही नाही. ग्वावाच्या ऑब्जेक्ट्स क्लासमधली फर्स्ट-नॉन-नल २१ मध्ये काढून टाकली, त्यामुळे तिच्यावर विसंबलेली जुनी लायब्ररी २७ वर कोसळते. दोन्ही आवृत्त्या लागतच असतील तर मेव्हनच्या शेड प्लगइनने एकीचं पॅकेजनाव बदलून ती आपल्या जारमध्ये बांधावी. आणि मेव्हनच्याच एन्फोर्सर प्लगइनचा डिपेंडन्सी-कन्व्हर्जन्स नियम पहिल्या दिवसापासून लावावा. आवृत्त्या जुळल्या नाहीत तर बिल्ड तिथेच थांबतो.