फोनमध्ये नसलेला खर्ज

मुलांना जगभरच्या वाद्यांची ओळख करून देणारे टीव्हीवरचे कार्यक्रम साधारण एकाच पद्धतीने चालतात. निवेदक वाद्य हातात घेतो, नकाशावर देश उजळतो, थोडं वादन होतं, की पुढचं वाद्य. ऑस्ट्रेलियाचं डिजेरिडू (फुंकायची लांब पोकळ नळी), पश्चिम आफ्रिकेचं जेंबे (हातांनी वाजवायचा ढोल), जावाच्या गामेलान वाद्यवृंदातली माणसाएवढ्या चौकटीला टांगलेली गाँग. वाद्य कशाचं बनलंय, फुंकायचं कुठे, थाप कुठे द्यायची, हे सगळं छान दिसतं. ऐकू येण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. डिजेरिडूचा घुमणारा मूळ स्वर आणि जेंबेच्या मध्यावर पडलेली जड थाप, दोन्ही साधारण ७० हर्ट्झच्या (सेकंदाला ७० कंपनांच्या) आसपास असतात. तोच कार्यक्रम फोनवर लावला, तर डिजेरिडूचा खर्ज मुलाला ऐकू येतो आणि जेंबेचा नाहीसा होतो. स्पीकर एकच, वारंवारता जवळपास एकच, तरी असा पक्षपात होतो.

‘स्पीकर डिजेरिडूचा खर्ज वाजवू शकतो, जेंबेचा नाही’ हे याचं उत्तर नव्हे. स्पीकर दोन्ही वाजवत नाही.

ही अडचण टीव्हीइतकीच जुनी आहे. १८ जानेवारी १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधून लेनर्ड बर्न्स्टाईन यांनी मुलांसाठी केलेला पहिला संगीत कार्यक्रम सीबीएस वाहिनीवरून दाखवला गेला. १९७२ पर्यंत असे ५३ कार्यक्रम झाले. त्यांच्या वाद्यवृंदातल्या डबल बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची. घरोघरच्या संचांतले छोटे स्पीकर त्या स्वराच्या जवळपासही पोचत नव्हते, तरी खर्जातली चाल मुलांना बरोबर कळत होती.

आधी स्पीकरकडे पाहू. आवाज म्हणजे हवेला दिलेले धक्के. आवाजाचा मोठेपणा तोच ठेवून स्वर एक सप्तक खाली आणला, की स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. समजा ५६० हर्ट्झसाठी फोनचा पडदा ०.०२ मिलिमीटर हलतोय. ७० हर्ट्झ म्हणजे तीन सप्तकं खाली, म्हणून ६४ पट, म्हणजे १.२८ मिलिमीटर. फोनमधला नखाएवढा पडदा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हलू शकतो. शिवाय आपला कानही खालच्या स्वरांना मुळात कमी संवेदनशील. म्हणून साधारण चारशे-पाचशे हर्ट्झच्या खाली फोनचा आवाज झपाट्याने पडत जातो आणि ७० हर्ट्झला काही उरतच नाही.

आता रियाजाला बसलेल्या कुणाच्याही फोनमधलं तानपुऱ्याचं ॲप आठवा. काळी एकचा पुरुषी तानपुरा लावला, तर जोडाच्या तारा १३८.६ हर्ट्झला आणि खर्जाची तार ६९.३ला. या दोन्ही वारंवारता फोनमधून जवळजवळ बाहेर पडत नाहीत. तरीही चौथी तार छेडली गेली, की ‘हा खर्ज’ असं कुणीही ओळखतो. भरदारपणा कमी वाटेल, पण स्वर चुकत नाही.

छेडलेली तार एकाच वारंवारतेने कंपत नाही. ६९.३ बरोबरच तिच्यात दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारतांचे उपस्वर असतात. तानपुऱ्यात ते विशेष भरपूर असतात, कारण घोडीचा (तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा) पसरट उतार आणि त्यावर सरकवलेला जवारीचा दोरा. कंपताना तार त्या उताराला पुन्हा पुन्हा हलकेच टेकते आणि उपस्वरांना बळ मिळत राहतं. सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात असताना १९२१मध्ये हे दाखवून दिलं होतं. साध्या तारेला ज्या बिंदूवर छेडलं असता एखादा उपस्वर उमटायलाच नको, तिथे छेडूनही तानपुऱ्यात तो उमटतो. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा ‘स्वयंभू गंधार’ हा असाच पाचवा उपस्वर, ६९.३ गुणिले ५, म्हणजे ३४६.५ हर्ट्झ. त्याच्याभोवती दैवी कंपनांची आणि चक्रजागृतीची भाषा पुष्कळ ऐकायला मिळते. तो सुंदर आहेच, पण तो मिरजेच्या कारागिराने कानसने घासून जमवलेल्या घोडीच्या वळणातून येतो, आणि ते कौतुक त्या कारागिराच्या हाताला मिळायला हवं.

फोन खालचे उपस्वर गाळतो. सहावा (४१५.८), सातवा (४८५.१), आठवा (५५४.४), नववा (६२३.७) आणि त्यावरचे मात्र बाहेर पडतात. या सगळ्यांमध्ये एक छुपी शिस्त आहे. सेकंदाच्या सुमारे ६९व्या भागात, म्हणजे १४.४ मिलिसेकंदांत, सहाव्याची बरोबर सहा आवर्तनं होतात, सातव्याची सात, आठव्याची आठ. म्हणजे दर १४.४ मिलिसेकंदांनी सगळे पुन्हा एकत्र ‘समे’वर येतात. झपतालाच्या आणि तीनतालाच्या मात्रा शेजारी शेजारी मोजल्या, तर ऐंशीव्या मात्रेनंतर दोन्ही समा जुळतात, तसंच. मेंदू ही सम पकडतो आणि ६९.३ हर्ट्झचा स्वर ‘ऐकतो’, जरी त्या वारंवारतेची ऊर्जा हवेत नसली तरी. याला लुप्त मूलस्वर म्हणू या.

इथे एक शंका हुशार वाचकाला हमखास येते. उपस्वरांमधला फरक तर ६९.३च आहे! मग कान नुसती वजाबाकी करत असेल. आवाज मोठा असेल तर कानात असे वजाबाकीचे स्वर खरोखर तयार होतात, त्यामुळे शंका वाजवी आहे. पण ती तपासता येते. ६००, ७००, ८००, ९०० हर्ट्झ एकत्र वाजवा. १०० हर्ट्झचा स्वर ऐकू येतो. आता चारही स्वर ३०ने वर सरकवा: ६३०, ७३०, ८३०, ९३०. फरक अजूनही १००च आहे. वजाबाकी असती तर स्वर हलला नसता. प्रत्यक्षात तो चढतो, साधारण १०४ला जातो. का? ६३० भागिले ६ म्हणजे १०५, ७३० भागिले ७ म्हणजे १०४.३, ८३० भागिले ८ म्हणजे १०३.८, ९३० भागिले ९ म्हणजे १०३.३. काटेकोर जुळणारा एकच मूलस्वर आता उरलेला नाही, म्हणून मेंदू सर्वांत जवळ बसणारा निवडतो. ही वजाबाकी नव्हे, अनुमान आहे. १९५४मध्ये संशोधक लिकलायडर यांनी दुसऱ्या बाजूने तेच दाखवलं. खालच्या पट्ट्यात मुद्दाम गोंगाट भरला. तिथे खरा स्वर असता तर तो बुडाला असता. पण लुप्त मूलस्वर ऐकू येतच राहिला. पुढे १९७२मध्ये हाउट्स्मा आणि गोल्डस्टाइन यांनी एक उपस्वर डाव्या कानात आणि दुसरा उजव्या कानात दिला. तरीही श्रोत्यांना मूलस्वरांची चाल ओळखता आली. दोन कानांची माहिती एकत्र येते ती मेंदूत, म्हणजे हे काम कानाच्या पडद्यावर होत नाही.

मुलांच्या कार्यक्रमांच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे हे कौशल्य शाळेत शिकावं लागत नाही. क्लार्कसन आणि क्लिफ्टन यांच्या १९८५च्या प्रयोगांत सात महिन्यांच्या बाळांनाही मूलस्वर काढून टाकलेल्या आवाजांचा स्वर ओळखता आला. बाळांना संगीत ऐकवण्याबद्दल सांगण्यासारखं काही असेल तर ते हे. ‘मोझार्ट ऐकवा, बुद्धी वाढते’ हा दावा १९९३च्या ज्या प्रयोगातून निघाला, तो ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता आणि एका विशिष्ट प्रकारच्या कोड्यांतला त्यांचा फायदा दहा-पंधरा मिनिटंच टिकला. बाळांचा त्यात संबंधच नव्हता. त्यावर उभा राहिलेला सीडी-व्हिडिओंचा बाजार पालकांची निव्वळ फसगत करणारा होता.

डिजेरिडूला हेच लागू पडतं. नळी वाळवीने पोखरलेल्या निलगिरीची असली, तरी वादकाचे ओठ ठरावीक तालाने उघडझाप करतात, त्यामुळे पटीतल्या उपस्वरांची पूर्ण रांग मिळते. फोन खालचे खातो, मेंदू भरून काढतो.

जेंबेचं तसं नाही. मध्यावर सपाट तळहात पडला, की आतली हवा खालच्या उघड्या तोंडातून बाटलीत फुंकर मारल्यासारखी घुमते. हा खर्ज जवळजवळ एकटाच असतो, पटीतले उपस्वर सोबत घेऊन येत नाही. कातड्याचे स्वतःचे स्वर असतात, पण गोल ताणलेल्या पडद्याची कंपनं मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० पट अशा अडनिड्या प्रमाणात येतात. त्यांची सम कुठेच जुळत नाही. मेंदूला अनुमानासाठी धागा नाही. म्हणून जेंबेच्या तीन मुख्य बोलांपैकी कडेचे दोन, मोकळा आणि तीव्र, फोनवर ऐकू येतात आणि मधला जातो. मुलाला तीन बोलांचं वाद्य दोन बोलांचं वाटतं. गोव्याच्या मातीच्या घुमटाची घुमही अशीच हरवते, आणि डग्ग्याच्या ‘घे’मधलं मनगटाने दाबून घेतलेलं घसरणंही बरंचसं.

तबल्याचं दायां मात्र तालवाद्य असूनही वाचतं. मध्यावरच्या शाईचं वजन पडद्याची ती अडनिडी प्रमाणं ओढून १, २, ३, ४, ५ यांच्या जवळ आणतं, हे रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२०मध्ये मांडलं. लोखंडाची पूड आणि खळ यांचे पातळ थर एकावर एक चढवत, दगडाने घोटत ही शाई करतात. थर जाड किंवा शाई एका बाजूला कललेली असेल, तर प्रमाण बिघडतं आणि स्वर फाटका लागतो.

हे घरी पडताळून पाहायला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. चार ट्रॅक घ्या. प्रत्येकात एक सेकंदाचा साधा साइन स्वर भरा: ६००, ७००, ८००, ९००. त्यांच्यापुढे लगेच ५००, ६२५, ७५०, ८७५. प्रत्येक स्वराची तीव्रता ०.२ ठेवा. सॉफ्टवेअर आपणहून ०.८ देतं, चार मिळून ३.२ होतात, लाटेचे शेंडे कापले जातात आणि त्या काटछाटीतून १०० हर्ट्झचा खराखुरा स्वर तयार होतो. मग प्रयोगाला अर्थ राहत नाही. चारही ट्रॅक एकाच क्षणी सुरू व्हायला हवेत, कारण मागेपुढे झाले तर कान त्यांना वेगवेगळे स्वर समजतो. सुरुवातीला आणि शेवटी २० मिलिसेकंद आवाज चढवत-उतरवत न्या, नाहीतर टक् असा आवाज येतो. आता ऐका. चारही स्वर खाली गेले आहेत, पण बहुतेकांना चाल वर गेल्यासारखी वाटेल, बरोबर षड्जावरून शुद्ध गंधारावर, कारण लुप्त मूलस्वर १००वरून १२५ला गेला. काहींना ती उतरल्यासारखी ऐकू येते. त्यांचा कान खराब नाही. उपस्वर सुटे ऐकण्याकडे त्यांचा कल जास्त असतो, आणि चांगल्या वादकांतही असे लोक असतात.

कार्यक्रम करणाऱ्यांनी जेंबेचं काय करावं? ध्वनिमुद्रणात एक सोपी युक्ती वापरतात. ७० हर्ट्झच्या थापेला थोडी विकृती देऊन २८०, ३५०, ४२०, ४९० असे उपस्वर कृत्रिमरीत्या तयार करायचे. मग फोनवरही खर्जाचा भास होतो. नाचाच्या गाण्यात ते चालेल. वाद्याची ओळख करून देताना मला ते पटत नाही, कारण मुलाच्या कानात जेंबेचा खोटा नाद बसतो. त्यापेक्षा दोन माइक लावावेत, एक कातड्यापासून वीतभर वर आणि दुसरा खालच्या तोंडापासून वीत-दीड वीत लांब, हवेचा झोत थेट लागणार नाही असा तिरका. दोन्ही मिसळताना एका माइकची लाट उलटी करून पाहावी. वरचा आणि खालचा दाब एकमेकांविरुद्ध असल्याने सरळ मिसळ केली तर खर्ज तिथेच खोडला जाऊ शकतो. ज्या जोडणीत थाप भरीव लागेल, ती ठेवावी. आणि निवेदकाने मुलांना सरळ सांगावं, की ही थाप फोनमधून येणार नाही, हेडफोन लावा. हेडफोन नसतील, तर रिकाम्या माठाच्या तोंडावर सपाट तळहात मारून पाहा.