कातडी आणि कोरड्यास

आठवीत असताना माझ्या कपाळावर पहिली पुटकुळी आली आणि त्याच संध्याकाळी शेंगदाण्याचा डबा वरच्या फळीवर गेला. "दाणे उष्ण असतात," हा आजीचा निकाल. त्यावर अपील नव्हतं. बंदी मात्र फक्त दाण्यांवर. त्याच फळीखाली ग्लुकोज बिस्किटांचे पुडे होते, चहात तीन चमचे साखर पडत होती, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पुढे पोषणशास्त्र शिकताना एका रोगाची गोष्ट वाचनात आली, तेव्हा या डब्याची आठवण झाली आणि आजीशी भांडायला ती नाही याचं वाईट वाटलं.

रोगाचं नाव पेलाग्रा. १७३५ मध्ये स्पेनच्या अस्तुरियास भागात गास्पार कासाल नावाच्या डॉक्टरने तो पहिल्यांदा नीट टिपून ठेवला. गरीब शेतकऱ्यांच्या हातापायांच्या पाठी उन्हाळ्याच्या तोंडाशी लाल होत, मग काळ्या पडत, खपल्या धरत. गळ्याभोवतीही असाच पट्टा उमटे, गळ्यात हार घातल्यासारखा. त्वचारोगाच्या पुस्तकांत आजही त्याला 'कासालचा हार' म्हणतात. पेलाग्रा हे नाव १७७१ मध्ये इटलीतल्या फ्रापोली यांनी वापरलं, अर्थ साधा: खरखरीत कातडी. पण रोग कातडीवर थांबत नसे. मागून जुलाब लागत, मग भ्रम होई, आणि शेवटी माणूस जाई.

हे सगळे लोक मुख्यतः मक्यावर जगत होते. त्यामुळे दीडशे वर्षं संशय मक्यावरच होता: सडलेला असेल, बुरशी आली असेल, त्यात काही विष असेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पेलाग्राची साथ उसळली आणि तिथल्या डॉक्टरांनी हा संसर्गजन्य रोग असल्याचं ठरवून टाकलं. १९१४ मध्ये सरकारने डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गरना तिकडे पाठवलं. अनाथाश्रमांतून आणि वेड्यांच्या इस्पितळांतून फिरताना त्यांना एक गोष्ट खटकली. आत राहणाऱ्यांना रोग होतो, त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांना होत नाही. जंतू असा माणूस बघून कसा लागेल? मग ते मुलांच्या ताटाकडे वळले. मक्याचं पीठ, काकवी, थोडी डुकराची चरबी, पुन्हा मक्याचं पीठ. त्यांनी दूध, अंडी, मांस, डाळी सुरू केल्या आणि पेलाग्रा आश्रमातून निघून गेला.

लोकांनी तरी मानलं नाही. १९१५ मध्ये मिसिसिपीच्या एका तुरुंगी शेतावर त्यांनी उलटा प्रयोग केला. सुटकेच्या बोलीवर तयार झालेल्या धडधाकट कैद्यांना मका, तांदूळ, काकवी असं नित्याचं गरिबाचं जेवण दिलं. शेवटपर्यंत राहिलेल्या अकरांपैकी सहा जणांच्या अंगावर पेलाग्रा उमटला. (आज असा प्रयोग कुठलीही नीतिसमिती मंजूर करणार नाही, आणि ते बरंच आहे.) विरोधक तरीही गप्प बसेनात, तेव्हा गोल्डबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, त्यांच्या खपल्या पिठात मिसळून गिळल्या. त्यांच्या पत्नीनेही रक्ताचं इंजेक्शन घेतलं. कुणालाही काही झालं नाही. ताटात नेमकं काय कमी पडतं हे मात्र गोल्डबर्गरना हयातीत कळलं नाही. ते १९२९ मध्ये वारले, आणि १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेयम यांनी दाखवून दिलं की ते नायसिन होतं, बी गटातलं एक जीवनसत्त्व.

नायसिन नसलं की कातडीच का बिघडते? ऊन रोज त्वचेच्या पेशींतल्या डीएनएची मोडतोड करतं आणि पेशी ती रोज डागडुजी करून घेतात. या डागडुजीला नायसिनपासून बनणारा एक रेणू खर्ची पडतो. तो संपला की उन्हाची जखम तशीच राहते. म्हणून हाताची पाठ, पाय, गळा, म्हणजे जिथे ऊन पोचतं तिथेच पेलाग्रा उमटतो. सदऱ्याची बाही जिथे संपते तिथे रेघ आखल्यासारखी दिसते.

मक्यात नायसिन असतं, पण ते अशा बंधात अडकलेलं असतं की आतड्याला ते सोडवता येत नाही. मेक्सिकोतले लोक हजारो वर्षं मका चुन्याच्या पाण्यात शिजवत आले, त्याने तो बंध सुटतो. युरोपने मका नेला, चुना तिथेच राहिला.

आता आपल्याकडे या. दख्खनच्या पठारावर, जिथे मका फारसा कुणी खात नव्हतं, तिथेही पेलाग्रा दिसायचा, आणि तो ज्वारी खाणाऱ्यांत. १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी मांडलं की ज्वारीतल्या ल्यूसिन या अमिनो आम्लाचं जादा प्रमाण शरीरातलं नायसिनचं गणित बिघडवतं. या ल्यूसिनच्या सिद्धांतावर पुढे बराच वाद झाला. पण एक बाब वादापलीकडची: रोग त्यांनाच व्हायचा ज्यांच्या ताटात नुसती भाकरी होती. आमच्याकडे भाकरीबरोबर जे काही खातात त्याला कोरड्यास म्हणतात. मग ती आमटी असो, पिठलं असो, नाहीतर मुठीने फोडलेला कांदा आणि चटणी. माझ्या मते पेलाग्रा हा भाकरीचा रोग नाहीच, कोरड्यास परवडत नसल्याचा रोग आहे.

आणि इथे तो डबा वरच्या फळीवरून खाली येतो. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण १२ मिलिग्रॅम नायसिन असतं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १५ च्या आसपास. म्हणजे मूठभर दाण्यांत पाव दिवसाची सोय झाली. शिवाय दाणे, डाळी, दूध यांतल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असतं. दर ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून शरीर १ मिलिग्रॅम नायसिन स्वतः बनवतं. सोलापुरी चटणी कुटणाऱ्या बाईला यातलं काही माहीत नव्हतं, पण तिने भाकरीला जोडीदार अचूक निवडला. आज पेलाग्रा क्वचित दिसतो, तो मुख्यतः वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्यांत आणि कधी टीबीवरच्या आयसोनियाझिडच्या गोळ्या चालू असताना.

तेलाचीही अशीच एक गोष्ट आहे, लहान. ज्वारीच्या रानाला कडेने करडईच्या ओळी असतात. काटेरी असल्यामुळे ढोरं आत शिरत नाहीत. या करडईच्या तेलात साधारण तीनचतुर्थांश लिनोलिक आम्ल हे स्निग्ध आम्ल असतं. त्वचेचा वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा, तर विटांमधल्या चुन्यात हे आम्ल लागतं. १९२९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धाशिवाय वाढवलं, तर त्यांच्या शेपट्यांवर खवले आले. आपल्याकडे लहान मुलांच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर हाताला टोचतील असे काटे येत, त्यामागेही बहुधा स्निग्ध आम्लांची आणि बी जीवनसत्त्वांची कमतरता असे. 'तेलकट बंद' म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञांनी निदान एक चमचा कच्चं तेल चटणीवर राहू द्यावं.

क जीवनसत्त्वाबद्दल सगळ्यांना माहीत असतं, म्हणून एकच सांगते. त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजेन म्हणजे तीन पदरी दोर, आणि त्याचा पीळ बसायला क जीवनसत्त्व लागतं. जॉर्ज अ‍ॅन्सनच्या १७४० ते १७४४ च्या जगसफरीत स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) झालेल्या एका खलाशाच्या, पन्नास वर्षांपूर्वी लढाईत झालेल्या जखमा पुन्हा उघडल्या. जुना व्रण आपल्याला दगडासारखा पक्का वाटतो, पण शरीर त्याचा दोर सतत नव्याने वळत असतं. त्यासाठी अर्धा पेरू पुरतो. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, गरज शंभराच्या आतच. दोन हजार रुपयांची कोलॅजेन पावडर पोटात गेल्यावर डाळीसारखीच पचते, तिचे तुकडे होतात. काही चाचण्यांत तिचा थोडा फायदा दिसलाय, पण त्यातल्या बऱ्याच चाचण्यांना विकणाऱ्यांचाच पैसा लागलेला आहे.

जास्त खाऊन जास्त चकाकी येत नाही, हे मला गाजराने शिकवलं. एका हिवाळ्यात रोज पेलाभर रस घेतला आणि जानेवारीत माझे तळहात हळदीसारखे पिवळे झाले. काविळीच्या भीतीने डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी डोळे बघितले. पांढरे होते, म्हणजे कावीळ नाही. गाजरातलं रंगद्रव्य, कॅरोटीन, त्वचेत साठलं होतं. रस बंद केल्यावर तळहात काही आठवड्यांनी पूर्ववत झाले. त्वचेचा वरचा थर बदलायलाच महिना, दीड महिना लागतो, तेव्हा सात दिवसांत उजळ करणारा आहार कुणी सांगितला तर हसून घ्यावं. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड येतं यालाही आधार नाही. आणि गजकर्णाला कुठलंही पथ्य नाही, औषध लागतं.

राहता राहिल्या पुटकुळ्या. २००७ मध्ये मेलबर्नमध्ये ४३ तरुणांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. ज्यांनी मैदा, साखर असे रक्तातली साखर झटकन चढवणारे पदार्थ कमी केले, त्यांच्या पुटकुळ्या दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाल्या. साखर चढली की इन्सुलिन चढतं, आणि त्याच्या मागून त्वचेतल्या तेलग्रंथी जोरात कामाला लागतात. वयात येतानाची संप्रेरकं मुख्य कारण आहेतच, आहार त्यात भर टाकतो. शेंगदाण्याविरुद्ध मात्र असा भक्कम पुरावा माझ्या वाचनात आलेला नाही. ज्यांना दाण्यांची अ‍ॅलर्जी आहे त्यांच्या अंगावर गांधी उठतात, पण ते प्रकरण वेगळं.

परवा भाचीच्या हनुवटीवर दोन पुटकुळ्या दिसल्या. वहिनीने लगेच दाण्याच्या कुटाचा डबा उचलला. मी तो तिच्या हातातून घेतला, ओट्यावर ठेवला आणि बिस्किटांचा पुडा वरच्या फळीवर टाकला. भाची माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.